उसना मामा

—नाही नका म्हणू ना जी. दोन पायऱ्या खाली या आन् बसा. अशी मांडी घाला. बस्स. तुम्हाले काही नाही करायचं, मंत्र नाही, तंत्र नाही, फक्त बसायचं. मोनू, ये रे, बस या मामाच्या मांडीवर. पाय— हा पाय कायले पुढं काढतं दरवेळी? आत घे. असंच करते हा, भाऊ, बस म्हटलं की उजवा पाय लांब करून देते, खोड आहे पोट्ट्याची, लक्ष नका देऊ. बाबुलाल, तू धार लाव वस्तऱ्याले, मी पदर पसरून बसते. तुमची ती पिशवी ठेवा ना बाजूले, कायले छातीशी धरली? कोणी नाही नेत घाटावरून. बरं, मागं ठेवा, पाठीशी. मघापासून तुम्ही काहीतरी सांगून राहिले होते, मी बोलूच दिलं नाही. माही सवयच आहे ती. आई म्हणायची, साधना, तुह्या तोंडाले फाटक नाही. आता आईच बोलत नाही, लकवा मारला तिले, खाटेवर पडून राहते आन् नुसती पाहते. असो. तुम्हाले घाई नाही ना? वैनगंगा कुठी पळून चालली? तुमचं जे काय काम असन ते नंतर करा, हे काय, चुटकीसरशी होते.

जावळ आहे जी या लेकराचं. आमच्याकडं जावळ मामाच्या मांडीवर काढतात आन् केस आत्याच्या पदरात घेतात. मंग कणकेच्या गोळ्यात भरून नदीत सोडतात. आत्या मी, हजर आहे. मामाच नाही. म्हणजे आहे, मेला नाही, चांगला धडधाकट आहे तिकडं सिहोऱ्याले, कुलदीप नाव त्याचं, पण तो येईन कसा? तो कोर्टात तिकडच्या बाजूनं उभा राहते. बहिणीच्या मागं हात बांधून उभा राहते आन् आमच्याकडं असा पाहते जसे आम्ही लेकरं चोरणारे. त्याले काय बोलवायचं? म्हणून मी वीरेंद्रले म्हटलं— वीरेंद्र माहा भाऊ, या लेकराचा बाप, नारळ आणाले वर गेला आहे, कधीचा गेला, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घेत असन— म्हटलं, मामा काय, पवनीच्या घाटावर कोणी ना कोणी भला माणूस सापडते. कोंढ्यावरून येतानाच ठरवलं. आलो तं तुम्ही दिसले. पांढरा सदरा, एकटे, गुमसुम. म्हटलं, हाच. देवानंच बसवून ठेवला.

उसना मामा चालते का? चालते जी, कायले नाही चालत? लग्नात मामा नसला तं गावातला कोणी उभा राहतेच ना अंतरपाटामागं. देव काय आधार कार्ड पाहते?

भिजव बाबुलाल, चांगले भिजव, चिकटले आहेत केस. पाहा भाऊ, रडला का? नाही रडत हा. दुसरी लेकरं वस्तरा पाहून घाट डोक्यावर घेतात, आन् हा पाहा, दगडासारखा बसला आहे. माह्या हाताखाली वाढला म्हणून. तिच्याजवळ होता तवा सारा दिवस भोंगा चालू असायचा. आता शब्द नाही. लोकं म्हणतात, साधनाबाई, पोरगं कसं वळणाचं केलं.

ती म्हणजे रिता. याची माय. नाव घेतलं तरी तोंड कडू होते मले. सोमवारी तारीख आहे भंडाऱ्याले. लेकरू कोणापाशी राहीन, मायपाशी का बापापाशी, ते आता जज मॅडम ठरवतीन. तुम्ही कोर्ट पाहिलं का कधी? नका पाहू. मले त्या व्हरांड्याची किळस येते, खरं सांगते. भिंतीच्या खालच्या अंगाले खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या, बाकड्यावर बसाले जागा नाही, आन् ज्या माणसाचं तोंड पाहायचं नाही म्हणून कोर्टात आलो त्याच्याच बाजूले मांडीले मांडी लावून बसावं लागते. नवरे-बायका. मधात लेकरू. एक इकडून चॉकलेट दाखवते, एक तिकडून मोबाइल दाखवते, जसं बकरीले पाला दाखवते कोणी. आन् लेकराले विचारतात, तुला कोण आवडतं बेटा? थू. मले ओकारी येते. आमचा वकील काय म्हणते माहीत आहे? ताई, मुलाला रडायला लावा, आईला पाहून रडला पाहिजे, मॅडमच्या लक्षात येते. मी म्हटलं, हा रडतच नाही तं काय करू? चिमटा काढू? तो हसला. खर्ऱ्याचे लाल दात दाखवून हसला. त्या दिवशी मी घरी येऊन दोनदा आंघोळ केली.

तिथं लेकरांची एक खोली आहे. भेटीसाठी. सोंड तुटेल प्लॅस्टिकचा हत्ती आहे, भिंतीवर चित्रं आहेत. तिथं रिता येते शनिवारी, आन् हा काय करते माहीत आहे? खेळत नाही, बोलत नाही. जाऊन तिच्या अंगात घुसते आन् हुंगते तिले. मानेशी नाक लावते आन् असा डोळे मिटून— गाईजवळ वासरू कसं— म्हणजे शिकवलं असन तिनंच, नाही तं लेकराले हे काय कळते? मी दारात उभी राहते. मले पाहवत नाही. एवढं मी करते, एवढं खाऊ घालते, माह्या मानेले नाही लावलं कधी नाक.

टाकून गेली होती जी ती याले. हो. तुम्ही म्हणाल, माय कशी टाकीन? टाकली. गेल्या उन्हाळ्यात. नर्सिंग शिकाले लागली नागपूरले, म्हणे परीक्षा आहे, दोन महिने सांभाळा, मंग घेऊन जाते. नवऱ्याशी पटत नव्हतंच, सिहोऱ्यालेच राहायची, पण तिकडं तिचा बाप दवाखान्यात, म्हणून आमच्या दारात आणून बसवला. कोणती माय असं करते? सांगा ना. परीक्षा मोठी का लेकरू मोठं? आन् मंग आली ऐटीत न्यायले. ठरल्या दिवशी आली, तेवढं खरं. पण मी दार नाही उघडलं. काहून उघडू? दुकानात ठेवेल सामान आहे का, पावती दाखवली की परत? पाऊस सुरू होता, अंगणात उभी होती ओली चिंब, मोनू मोनू करत. मी याले आतल्या खोलीत घेऊन बसली, याचे कान झाकून. हा आपला माय माय करून राहिला होता. आई खाटेवरून पाहून राहिली होती. शेवटी गेली. गेली तं गेली, सरळ कोर्टात गेली.

काय म्हणता? बापाचं काय म्हणणं? वीरेंद्रचं काय म्हणणं राहते, त्याचं म्हणणं म्हणजे नाक. नाक कापलं जाऊ नये. कोंढ्यात लोक काय म्हणतीन, बायकोनं लेकरू हिसकून नेलं. बस. त्याले विचारा मोनूले कोणती भाजी आवडते, सांगता नाही येणार. भावाचीही शिसारी येते मले कधी कधी, पण भाऊ आहे. आन् त्याच्याशिवाय हे लेकरू माह्याजवळ राहीन कसं? कोर्ट आत्याले थोडीच देते? बापाले देते. बाप जिंकला की लेकरू घरात राहीन, आन् घरात मी आहे. मले कोण आहे दुसरं? सासर म्हणाल तं तिथं माह्या नावाचा गिलासही नसन राहिला. तेरा गोष्टी आहेत, जाऊ द्या.

हळू रे बाबुलाल, समोरून घे, कानाच्या वरून. मागचे शेवटी काढू. मागं जास्त गुंता आहे.

हे केस नवसाचे आहेत बरं भाऊ. हा पोटात असताना आईनं नवस बोलला होता, पोरगं सुखरूप झालं तं पाच वर्षं केसाले कात्री लावणार नाही. पाच पूर्ण चैत्रात होतात. आज चैत्र नाही, दिवाळी होऊन गेली, मंडईचे, जत्रेचे दिवस आहेत, मले माहीत आहे. नवस मोडून राहिलो आपण. पण करायचं काय? तिच्या वकिलानं मॅडमसमोर दोन फोटो ठेवले. एक तिच्यापाशी होता तवाचा, पाठमोरा, दोन वेण्या, लाल रिबिन, मधातून मानेपर्यंत भांग काढेल, असा सरळ, जसा धानाच्या बांधीचा धुरा, दोन बांध्यांमधला. गोरी गोरी चामडी दिसते भांगातली. आन् दुसरा फोटो आताचा, त्या भेटीच्या खोलीत काढेल. मागच्या बाजूनं केसाचा गोळा झाला आहे, जटा. म्हणे, हा पाहा निष्काळजीपणा, म्हणे मुलाची कोणी निगाच राखत नाही. मॅडम काही वाईट नाही बोलल्या, एवढंच म्हणाल्या, मुलाच्या केसांकडे लक्ष द्या, आन् सोमवारी घेऊन या, मी त्याच्याशी स्वतः बोलेन. पण सगळे माह्याकडं पाहून राहिले होते ना. कोपऱ्यात एक पोरगी बसली होती, कोणाची कोण, तिनंही नाक मुरडलं. मले वाटलं, धरणी फाटावी. मी, आन् निष्काळजी!

कंगवा लावूच देत नाही तं मी काय करू? मागं हात नेला की किंचाळते. रडत नाही, किंचाळते. रितानं त्या शनिवारी हात फिरवला तं असा किंचाळला का शिपाई धावत आला. आन् तिले काय, निमित्तच पाहिजे, लगेच मॅडमपुढं, माझ्या मुलाच्या डोक्याला काहीतरी झालं आहे, पावसाळ्यात व्हिडिओ कॉलवर पाहिलं तेव्हा डोक्याला फडकं बांधलं होतं. तवा मी उठली. वकील मले बस बस करून राहिला, पण मी उठली. भर कोर्टात म्हटलं, एक ओरखडा दाखव. लेकराच्या अंगावर एक ओरखडा दाखव आन् पोट्टं घेऊन जाय. अशी टाळी वाजवून म्हटलं. तिचा भाऊही खाली पाहाले लागला.

म्हणून हे जावळ, कळलं? वकीलच म्हणे, सोमवारी मुलगा चकाचक पाहिजे. नवे कपडे, तुळतुळीत डोकं, कपाळाले टिळा. म्हणे धार्मिक घर दिसते. देवाचा नवस मोडायचा आन् धार्मिक दिसायचं. मले हेही नाही आवडलं, भाऊ, खोटं कायले बोलू. देवालेही तारखेवर उभं केलं आम्ही. पण एकदा डोकं साफ झालं का तिचं तोंड बंद. पाहून घे म्हणा मंग, काय झालं ते.

आन् ती कोणाले निष्काळजी म्हणते? मागच्या सालच्या रोवणीत याले घेऊन बांधीत जायची. चिखलात उभं राहून धान रोवायचा आन् लेकरू धुऱ्यावर छत्रीखाली बसवायचं. धुऱ्यावर! तिथं इचू-काटा राहते, तलावाचं पाणी हाताशी, एक दिवस साप गेला बाजूनं. ती हसून सांगते, मोनूनं टाटा केला सापाले. हे हसाचं आहे का? मी तं यंदा एक दिवस नाही नेलं बांधीत. घरी ठेवलं. सावलीत, कोरड्यात. एकटं? एकटं कायले जी, आई होती ना.

बोलत नाही, पण आहे ना खाटेवर. माणूस तं आहे घरात.

आन् नुसतं सोडून नाही जात होती मी. दार उघडं राहिलं तं हा तलावाकडं पळन, म्हणून— रोवणीत सगळ्याच बाया करतात, त्यात काय— आईचं जुनं लुगडं, मऊ, धुऊन धुऊन मऊ झाल्लं, त्याची पट्टी पायाले आन् दुसरी बाजू खाटेच्या पायाले. ढिली बांधायची. बाजूले मुरमुरे, पाणी. तुम्ही नागपूरचे म्हणता ना, तुमच्याकडं पाळणाघर राहते, पैसे देऊन कोंडतात लेकराले, आम्ही लुगड्यानं बांधतो, घरच्या माणसापाशी बांधतो. असे नका पाहू माह्याकडं. तुम्हाले खेड्याचं माहीत नाही.

घे बाबुलाल आता मागचे. घे बिनधास्त. मान वाकव रे मोनू, मामाच्या छातीले लाव डोकं. हां. पडू दे माह्या पदरात, सगळे पडू दे, एकही खाली नाही— शी. शी, काय हा वास. घामाचा असन. तेलाचा. हे पिवळं काय आहे रे याच्यात? पापुद्रे— बाबुलाल, हे हळद नाही का? असं कसं राहिली, किती वेळा धुतले असन मी केस... धुतले नसन तिथं. हात लावू देत नव्हता ना. शी बाई, माह्या पदराले लागलं. धरवत नाही मले हे. थांब, कणीक कुठी आहे, कणकेत दाबून टाकते. काय काय निघते पाहा एका लेकराच्या डोक्यातून, किळस येते.

काहून थांबला? बाबुलाल. थांबला काहून?

कुठी? पाहू. ...

हे होय. हे जुनं आहे. काही नाही ते. जन्माचं आहे, चिमट्यानं ओढून काढलं होतं ना दवाखान्यात, तवाचं. नाही— जन्माचं नाही, तिच्यापाशी होता तवा लागलं असन काही. हो, तवाचंच. रिताच्या वेळचं. सांगत होती ना मी, धुऱ्यावर बसवायची. पडला असन. पाहा, हेच सोमवारी सांगायचं, हे तं उलट आपल्याच कामाचं निघालं— काय म्हणतं बाबुलाल? गुलाबी आहे? गुलाबी राहीनच ना, गोरा आहे पोट्टा. केस नाही उगवले तिथं तं नाही उगवले. तू न्हावी आहे का डॉक्टर आहे?

तुम्ही काय म्हणता? फोटो? कोणता फोटो. वेण्यांचा. हो, म्हटलं मी, भांग होता... मानेपर्यंत. सरळ. गोरी चामडी.

तुम्ही बारकाईनं ऐकता जी. एवढं बारकाईनं कोणी ऐकलं नव्हतं माहं.

बरं, मंग ऐका. ऐकाच आता. लागलं होतं रोवणीत. एकच दिवस. एकच दिवस जरा घट्ट बांधली होती पट्टी, आदल्या दिवशी सोडवून अंगणात गेला होता म्हणून. पोंगेवाला, खाऊ विकणारा, आला असन गल्लीत, भोंगा वाजवत, हा धावला असन दाराकडं, आन् पट्टीनं ओढला गेला मागं. खाटेजवळ पाटा होता, मसाला वाटायचा. त्याच्या काठावर. मी काय तिथं होती? मी बांधीत होती, गुडघाभर चिखलात, दुसऱ्याच्या बांधीत नाही, आपल्याच, याच्याच घरच्या, याच्यासाठीच ना सगळं? सांजेले आली तं हा भुईवर बसेल, पाय तसाच बांधेल, रडतही नव्हता. केसात रगत सुकलं होतं. पट्टी सोडवाले गेली तं गाठ सुटत नाही हातानं, चिखलाचे हात. आन् आई— आई पाहून राहिली होती. डोळे टक्क उघडे. तिनं सारं पाहिलं असन, पोंगेवाल्यापासून तं सांजेपर्यंत, आन् तोंडातून आवाज नाही. तिची उशीही ओली होती सारी. तवापासून मी भरवाले गेली की तोंड फिरवते भिंतीकडं. वीरेंद्रच्या हातून खाते. माह्या हातून नाही. मी हगणं-मुतणं काढते तिचं, आन् माह्या हातून घास नाही.

डॉक्टर? तुम्हीही ना. डॉक्टर काय मुकाट्यानं शिवते? विचारते, कसं लागलं, कधी लागलं, कोण होतं घरी. लिहून ठेवते. नुकतीच नोटीस आली होती कोर्टाची. त्याच हप्त्यात. डॉक्टरनं लिहिलं असतं तं लेकरू दुसऱ्या दिवशी तिच्या घरी असतं. मंग? मी हळद भरली. फडकं बांधलं. ताप आला, मांडीवर घेऊन बसली सारी रात, आला तसा गेला. फोन आला तिचा तं दोनदा म्हटलं झोपला आहे, तिसऱ्यांदा व्हिडिओवर दाखवाच लागला. भरली ना जखम? भरली. वरून केस आले. मीच विसरून गेली, देवाशप्पथ, विसरून गेली, नाही तं मी काय स्वतःच्या हातानं हे उघडं केलं असतं? जखम भरली की झालं असं वाटते माणसाले. खालची चामडी अशी टक्कल पडून राहीन हे कोणाले माहीत?

वीरेंद्रले नाही माहीत, फडकं पाहून विचारलं तं म्हटलं फोड झाला आहे. तो येईन आता नारळ घेऊन. बाबुलाल, तू असं कर, तेवढ्या जागचे राहू दे. शेंडीसारखे. लोकं ठेवतात शेंडी. उरलेच नाहीत? अरे मंग टोपी— माह्या पिशवीत कुंची आहे, ती घालू. पण सोमवारी. सोमवारी मॅडम म्हणतीन, टोपी काढ बेटा. आन् रिता उभी राहीन समोर. मीच म्हटलं होतं. टाळी वाजवून. एक ओरखडा दाखव.

वस्तरा खाली कायले ठेवला, बाबुलाल? अर्धं डोकं राहिलं. तू तुहं काम कर ना. तुले काय बोलायचं ते मले नको सांगू, मी काय दुसऱ्याच्या लेकराले मारलं का? मारलं असतं तं गोष्ट वेगळी. जीव लावला मी याले. जीव लावला म्हणूनच तं बांधला. ज्याले जाऊ द्यायचं त्याले कोण बांधते?

आन् तुम्ही कायले त्याच्या पायावर हात फिरवून राहिले? काय पाहून राहिले घोट्याले? मळ आहे तो. काळं पडलं आहे, मोज्याच्या रबरानं पडते. सोडा. जावळात डोकं पाहतात, पाय नाही पाहत. मामा झाले म्हणून लगेच मामेपण नका दाखवू, खऱ्या मामानं नाही केलं ते तुम्ही—

अहो, पिशवी सांभाळा तुमची! घरंगळली पाहा मागं. काय आहे त्याच्यात, मडकं? लाल फडकं बांधेल... थांबा. हे काय आहे? अस्थी आहेत?

तुम्ही अस्थी घेऊन आले घाटावर, आन् माह्या लेकराले मांडीवर घेतलं? सुतकात? शिव शिव शिव. हेच सांगून राहिले होते का मघा? मंग जोरानं सांगायचं ना! मी बोलू नाही दिलं म्हणून काय गप्प बसायचं? हात धरायचा माहा, ओरडायचं. अरे देवा, म्हणूनच. म्हणूनच हे असं झालं. शुभ कामाले सुतकी माणूस बसला, दुसरं काय होईन? बाबुलाल, पाहिलं ना तू? सांगशील ना सगळ्यायले? माहा दोष नाही याच्यात. जावळच बाटलं. मले वाटलंच होतं, पांढरा सदरा, एकटा, तोंडावरची माशी हलत नाही, सरळ माणूस असा बसते का घाटावर.

कोणाच्या आहेत?

...बहिणीच्या.

लहान होती? ...लेकरं आहेत का तिले? ...हं. म्हणजे तुम्ही खरोखरचे मामा आहात कोणाचे तरी. कोणापाशी आहेत लेकरं आता?

नको, नका सांगू. मले काय करायचं. माही मी काय कमी आहे, तुमचं कुठी ऐकत बसू? उठा. उठा जी आता. झालं तुमचं काम. दुपट्टा आणला होता मामासाठी, पण सुतकी माणसाले देत नाहीत, वाईट नका मानू. आन् जे ऐकलं ते इथंच सोडा, त्या मडक्यासंगं पाण्यात सोडा. तुम्ही नागपूरचे, आम्ही कोंढ्याचे, तुमचं आमचं काय? सोमवारी काय झालं ते तुम्हाले समजणारही नाही. मोबाइल ठेवा तो खिशात. ठेवा म्हणते ना. कोणाले लावून राहिले? सिहोऱ्याच्या कुलदीपचा नंबर तुमच्यापाशी कुठून— बाबुलाल! तू दिला, वीरेंद्रच्या लग्नात घेतलेला? तू काहून दिला रे? तुह्या बापानं आमच्या घरचे चार जावळ काढले, आन् तू...

मोनू, उतर.

वीरेंद्र येऊन राहिला, पाहा, वरच्या पायरीवर आहे. उतर पटकन. सदरा सोड त्यायचा. सोड बेटा, मुठी उघड, फाटन तो. ते मामा नाहीत तुहे. मी खोटं सांगितलं होतं, ते कोणीच नाहीत. तुम्ही तरी हात काढा ना जी त्याच्या पाठीवरून, म्हणून तं उतरत नाही. नाक कायले लावतं त्यायच्या मानेले? मोनू. मोनू, माह्याकडं पाहा. मी रागावली का? नाही रागावली. ये. पाय आत घे. पाय आत घे रे राजा, सगळे पाहून राहिले. इथं खाट नाही, काही नाही, कोणी नाही बांधत तुले इथं—